मदत हवी आहे: अळंबी आणि कारवी यांची तुलना कशी मांडावी?

डोंगरवाट: गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी अळंबी आणि कारवी यांचा तौलनिक तक्ता तातडीने हवा आहे. 'आयुर्मान' आणि 'फुलोऱ्याचा काळ' या रकान्यांत अळंबीपुढे काय लिहावे? कृपया नेमके उत्तर द्यावे.

सह्यकुसुम: कोणती अळंबी? लाकडावरची, शेणावरची की वारुळावरची? गाव कोणत्या भागातले, हेही कळवावे.

रानमेवा: अनोळखी अळंबी कधीही खाऊ नये. विषारी जातीही पावसाळ्याच्या याच दिवसांत उगवतात आणि शिजवल्याने प्रत्येक विष नष्ट होत नाही.

कुडाचे घर: कारवी सात वर्षांनी फुलते, एवढे लिहिले तरी पुरेसे आहे. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंतींची नोंद मात्र अवश्य करावी.

बोरिवलीकर: सात नव्हे, आठ. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली बहर आला.

कुडाचे घर: मुंबईचे वर्ष साऱ्या सह्याद्रीला कसे लागू होईल? निरनिराळ्या डोंगरांवर बहराची वर्षे निरनिराळी असतात.

डोंगरवाट: अळंबी वारुळावरची आहे, गाव मुरबाड तालुक्यात आहे. खाण्याविषयी किंवा भिंतींविषयी मी विचारलेले नाही.

सह्यकुसुम: मग अडचण तक्त्यातच आहे. कारवी हे संपूर्ण झुडूप आहे. ते अनेक वर्षे वाढते, एकदाच फुलते आणि बी धरल्यावर मरते. आपण खुडतो ती अळंबीची छत्री मात्र संपूर्ण जीव नसून केवळ बीजाणू पसरवणारा अवयव आहे. खरी बुरशी वारुळात, वाळवीने पालापाचोळा आणि लाकूड चावून रचलेल्या पोळ्यांवर, तंतुरूपाने वाढत असते आणि छत्र्या कुजून गेल्या तरी वारूळ नांदते आहे तोवर टिकू शकते. म्हणून छत्रीचे चार दिवस कारवीच्या आयुष्यासमोर मांडणे चुकीचे ठरेल. छत्रीची तुलना फुलाफळांशी करावी. अळंबीला फुलोरा नसल्याने त्या रकान्याला 'पुनरुत्पादनाचा काळ' असे नाव द्यावे.

बोरिवलीकर: मुळांविषयीची नोंदही तपासावी. अळंबीचा जमिनीत खोल गेलेला भाग मुळासारखा दिसतो, पण तो देठाचाच विस्तार असतो. तिच्यात हरितद्रव्य नसते. अन्न वाळवीने आणलेल्या वनस्पतिद्रव्यातून मिळते, तर कारवी ते स्वतः बनवते.

डोंगरवाट: रकाने बदलतो. पण बुरशीचे आयुर्मान किती वर्षे लिहू?

सह्यकुसुम: आकडा लिहू नये. 'वारुळावर अवलंबून' असे लिहून गावातील कोणत्या वारुळांवर ती उगवते, ते जाणत्या माणसांना विचारून नोंदवावे. कारवीसमोरही सात की आठ हा वाद न घालता आपल्या डोंगरावरील शेवटच्या बहराचे वर्ष लिहावे.