एपिडॉरस: पंचावन्नाव्या रांगेतलं ते नाणं

तिसरी घंटा: ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या अँफिथिएटरात मधोमध नाणं टाकलं, की शेवटच्या रांगेत खणकन ऐकू येतं! माइक नाही, काही नाही. आणि आपल्याकडे कॉलर माइक लावूनही पाचव्या रांगेत निम्मी वाक्यं गिळली जातात. नाट्यगृहं बांधणाऱ्यांनी जरा शिकावं.

कानसेन: आलं पुन्हा ते नाणं! 2017 साली डच संशोधकांनी तिथे मोजमापं घेतली. आवाज वरपर्यंत पोचतो, पण तो नाण्याचा आहे हे अर्ध्या उंचीपर्यंतच ओळखू येतं. कुजबुज तर पुढच्या रांगांपलीकडे कळत नाही. वरपर्यंत शब्द हवा असेल तर नटाला आवाज फेकावाच लागतो. गाइड नाणं टाकतो ते दिवसा, रिकाम्या थिएटरात. रात्री हजारो माणसं बसली की अंगं आणि कपडे आवाज पितात.

सरळसोट: आधी शब्द नीट वापरा. अँफिथिएटर म्हणजे चहूबाजूंनी बैठक, इटलीतल्या व्हेरोनाच्या रोमन रिंगणासारखी. एपिडॉरस हे थिएटर आहे.

तिसरी घंटा: बरं, मास्तर. पण 2007चा अमेरिकी अभ्यास? बसायच्या दगडी पायऱ्याच 500 हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जातले, आवाज दाबतात, म्हणजे वारा आणि गर्दीची गुणगुण कमी होते, असं त्यात आहे ना?

कानसेन: आहे, मान्य. पण त्यात नटाच्या आवाजाचा खर्जही जातो, तो मेंदू मनातल्या मनात भरून काढतो. शिवाय मागची रंगमंचाची इमारत आज पडलेली, तिच्यावरून परतणारा आवाज गेला. नेपथ्यकाराने खालच्या घट्ट जमिनीवर गालिचे अंथरले की उरलासुरलाही संपला.

दगडोबा: तुम्ही आवाजावर भांडा, लोकांची कंबर मोडते त्याचं काय? खालच्या 34 रांगा, वरच्या 21, पाठ टेकायला काही नाही. पातळ उशी न्या. जाड नेलीत तर माणूस वर उचलला जातो.

सरळसोट: उशीही आवाज पिते. मग कानसेन रडणार.

दगडोबा: तुमची ढुंगणंही पितात, ती घरी ठेवून येणार का? टाचेच्या चपलांना मात्र बंदी हवीच, आणि आहे. सगळं वजन बोटभर टोकावर येतं, चुनखडीच्या कडेचे टवके उडतात.

तिसरी घंटा: मग तिथे नाटकं करायचीच कशाला? दगडच जपा.

दगडोबा: 1955 पासून तिथे नाट्यमहोत्सव होतो आहे. वापर आहे म्हणून डागडुजी होते. बैठकींच्या कडांवरून न चढता जिन्यांनी चढा, एवढंच. आणि अथेन्सहून महोत्सवाच्या खास बसनेच जा, ती खेळ संपल्यावर परत आणते. नेहमीची एसटी त्या वेळी मिळायची नाही.

सरळसोट: ग्रीसमध्ये एसटी?

दगडोबा: केटीईएल म्हणा. खूश?

तिसरी घंटा: ठीक, नाणं मागे घेतो. पाचव्या रांगेचं सांगा.

कानसेन: तिथे दोष दगडाचा नाही. माइक कॉलरखाली घुसवलेला असतो, कापड घासतं.