फिंचच्या जोडीची नऊ दिवसांची देखभाल

बी-५०२ : सर्वांना नमस्कार. परवा सकाळी आम्ही नऊ दिवसांसाठी बाहेरगावी जात आहोत. आमच्याकडे झेब्रा फिंच पक्ष्यांची एक जोडी आहे. या काळात त्यांचा पिंजरा कोणी आपल्या घरी ठेवून घेऊ शकेल का? काम फारसे नाही. वाटीतले राळे आणि पाणी संपले की पुन्हा भरायचे, एवढेच.

ए-१०३ : मी आनंदाने ठेवीन. माझा बहुतेक दिवस स्वयंपाकघरातच जातो, त्यामुळे पिंजरा ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवला तर त्यांच्यावर सतत लक्षही राहील. नातवंडे येणार आहेत. त्यांनी पक्षी हातात घेतले तर चालेल का?

सी-२०४ : काकू, आपण लगेच तयारी दाखवलीत याचे फार बरे वाटले, पण पिंजरा कृपा करून स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी तिने काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसांतून जात राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना ज्या सोयीमुळे मिळतो, त्याच सोयीमुळे हवेतले विषही त्यांच्या अंगात झपाट्याने भिनते. धूर आणि सुगंधी फवारे यांपासूनही त्यांना दूरच ठेवावे.

मुलांनी पक्षी हातात घेऊ नयेत. फिंचचे वजन जेमतेम १२ ग्रॅम असते आणि त्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो. प्रेमाने पण घट्ट धरलेली मूठही त्याला गुदमरवू शकते. मुलांना चार हात अंतरावर शांत बसवले, तर गालावर नारिंगी ठिपका असलेला नर गाताना त्यांना नक्की ऐकायला मिळेल. मादी गात नाही, आणि नर आपले गाणे लहानपणी मोठ्या नराचे, बहुधा बापाचे, ऐकून शिकतो, हे त्यांना सांगितले तर ती आणखी मन लावून ऐकतील.

आता मुख्य मुद्दा. ‘वाटी रिकामी झाली की भरा’ ही सूचना मीही एकदा अशीच लिहून ठेवली होती. फिंच दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच, वाटीत टाकतो. दोन दिवसांत वाटीवर फोलपटांचा असा थर जमतो की वरून पाहणाऱ्याला ती काठोकाठ भरलेली वाटते. माझ्या शेजाऱ्यांनी रोज निष्ठेने वाटी पाहिली आणि ती रोज भरलेलीच दिसली. मी परतलो तेव्हा मादी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली होती आणि नर फोलपटे उकरत होता. मी वाटीत बोट घातले, तर खाली एकही दाणा नव्हता. त्यांची काहीच चूक नव्हती. सांगायचे ते मीच सांगितले नव्हते. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपाससुद्धा झेपत नाही. म्हणून रोज सकाळी वाटी बाहेर काढून हलकी फुंकर मारावी, फोलपटे उडवावीत आणि मगच किती दाणे उरले आहेत ते पाहावे.

बी-५०२ : दादा, हे वाचून अंगावर काटा आला. मी तर वाटी वरवर पाहूनच ठरवत होते. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली : परवापासून घरट्यात रोज एक अंडे दिसते आहे. आज तीन झाली.

सी-२०४ : मग पिंजरा जागेवरून हलवूच नये. या वेळी जागा बदलली, तर पक्षी बहुधा अंडी सोडून देतात. अजून एक-दोन अंडी होतील. नर आणि मादी दिवसा आळीपाळीने बसतात आणि उबवायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात, म्हणजे पिल्ले आपण परतल्यावरच बाहेर येतील. काकूंनी रोज दोन वेळा तुमच्या घरी येऊन जाणे, हाच मला यातला उत्तम मार्ग वाटतो. मादीला या दिवसांत कॅल्शियम फार लागते, तेव्हा समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिश या सागरी प्राण्याच्या आतल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडा पिंजऱ्याला अडकवलेला असू द्यावा. पाणी रोज बदलावे आणि घरट्यात डोकावू नये.

ए-१०३ : मी सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता येईन. पक्षी आजारी आहे हे मला कसे कळेल?

सी-२०४ : काकू, फिंच आजार शक्य तितका लपवतो, त्यामुळे तो उघड आजारी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पिसे फुगवून तळाशी बसलेला पक्षी, उघडी चोच किंवा श्वासागणिक येणारा टिकटिक आवाज, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मादी तशी फुगून तळाशी बसून जोर देत असेल, तर तिचे अंडे अडकलेले असू शकते. तिला तातडीने ऊब द्यावी आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन करावा.

बी-५०२ : डॉक्टरांचा नंबर पिंजऱ्याजवळच्या भिंतीवर लावून ठेवते. काकू, घराची किल्ली द्यायला उद्या संध्याकाळी खाली येते.

ए-१०३ : किल्ली तेव्हा दे, पण त्याआधी उद्या सकाळी सातला मीच वर येते. तुझ्यासमोर एकदा वाटी फुंकून पाहीन, म्हणजे दाणा कोणता आणि फोलपट कोणते हे माझ्या डोळ्यांना नीट कळेल.