तळ्याकाठी टेंटची जागा आदल्या रात्रीच अडवून ठेवावी का? मदत हवी आहे

नमस्कार. मी इंदूरची, राजेंद्रनगरला राहते. आमचा सात मराठी कुटुंबांचा ग्रुप आहे. थंडीच्या दिवसांत एखाद्या शनिवारी शहराबाहेर तळ्याकाठी टेंट लावून राहायचं आणि रविवारी दुपारी परतायचं, असं गेली चार वर्षं चाललंय. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे एक तलाव आहे, तिथे जातो. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि पुढचे दोन रविवार तिथे गाडी उभी करायलाही जागा नव्हती. तिथे बुकिंग नाही, तिकीट नाही. गावात विचारायचं, चौकीदाराला सांगायचं आणि मोकळी जागा बघून टेंट लावायचा.

भांडण जागेवरूनच आहे. काठावर एका उंचवट्यावर मोहाची चार जुनी झाडं आहेत. खाली कोरडा मुरूम, मागे टेकडी असल्यामुळे वारा अडतो, नऊ-दहा टेंट आरामात बसतात. बाकी सगळीकडे एक तर दगड नाही तर चिकट काळी माती. त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी मोहाखालीच बघतो.

नोव्हेंबरच्या शेवटी गेलो तेव्हा आमच्यातली कॉलेजची दोन मुलं शुक्रवारी रात्रीच सगळे टेंट घेऊन पुढे गेली. सातच्या सात टेंट त्यांनी ऐसपैस उभे केले आणि स्वतः एकात झोपली. आम्ही बाकीचे शनिवारी ऑफिस आटोपून संध्याकाळी सहाला पोचणार होतो. शनिवारी दुपारी तिथे एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन लहान मुलं आणि आजी. त्यांनी मुलांना विचारलं, कोपऱ्यात दोन टेंट लावले तर चालेल का? मुलांनी सांगितलं, सगळं भरलंय. त्यांना रिकामे टेंट दिसत होते, पण ते वाद न घालता खाली पाण्याच्या बाजूला काळ्या मातीवर गेले.

रात्री वारा सुटला. मऊ मातीतून खुंट्या निघाल्या आणि त्यांचा एक टेंट आडवा झाला. आजींनी उरलेली रात्र गाडीत बसून काढली. पहाटे गावातल्या म्हशी पाण्यावर आल्या, त्यांची वाट नेमकी त्या टेंटजवळून जाते. मुलं घाबरून रडायला लागली तेव्हा आम्हाला जाग आली.

मी चहा आणि तळलेले गराडू घेऊन खाली गेले. आजींनी कप घेतला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे रात्री दोन टेंट रिकामेच होते ना?"

होते. आमच्यातल्या दोन कुटुंबांनी शनिवारी दुपारी येणं रद्द केलं होतं. ते दोन टेंट रात्रभर मोहाखाली रिकामे उभे होते आणि ते हलवावेत, खालच्या लोकांना वर बोलवावं, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी आजींना उत्तर देऊ शकले नाही. दीड महिना झाला, तो प्रश्न मनातून जात नाही.

आता संक्रांतीनंतरच्या शनिवारी पुन्हा जायचं ठरतंय आणि ग्रुपमध्ये मेसेज आला, "मुलांना शुक्रवारी पाठवू या, जागा धरायला." मी विरोध केला. आमच्या ह्यांचं म्हणणं, मुलांनी कडाक्याच्या थंडीत रात्र काढली, तिची काही किंमत आहे की नाही? दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोच ना आपण, त्यात काय एवढं. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते मांडता येत नाही. लहान मुलं आणि बायका असताना सगळे टेंट जवळजवळ असावेत ही गरज मलाही कळते. मग मागून येणाऱ्यांसाठी किती वेळ आणि किती जागा धरणं रास्त? आणि कुणी येऊन विचारलं तर मुलांनी काय सांगायचं? जे अशा ठिकाणी नेहमी राहतात त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद : रामबागकर

ताई, पंगत आठवा. शेजारच्या पाटावर हात ठेवून "आमच्या जाऊबाई हात धुवायला गेल्यात" असं आपण सांगतो आणि ते सगळ्यांना मान्य असतं. पण जी बाई अजून घरून निघालीच नाही तिच्यासाठी पाट अडवला तर वाढपीसुद्धा ऐकत नाही, आणि ऐकूही नये. मागे दुसरी पंगत उभी असते. रुमालाचंही तसंच आहे. रुमाल टाकणारा त्याच फलाटावर असतो, दोन मिनिटांत चढतो. आदल्या रात्रीपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कुणी रुमाल टाकून ठेवत नाही.

मुलांच्या कष्टांची किंमत आहेच. ती त्यांच्या एका टेंटपुरती आहे. ज्या टेंटमध्ये ते झोपले तो त्यांचा, त्याबद्दल कुणी वाद घालणार नाही.

प्रतिसाद : सुदामानगर

मी थोडं वेगळं मांडतो. आम्हीही ग्रुपने जातो. सगळे टेंट एकत्र नसतील तर रात्री लहान मूल उठून भलतीकडे जाण्याची भीती असते. मागच्या वर्षी आमचे तीन टेंट इकडे आणि दोन पार तिकडे लागले, मधे अनोळखी लोक मोठा स्पीकर लावून बसले होते. बायकांना रात्री उठायचं तरी सोबत घेऊन फिरावं लागलं. त्यामुळे जागा धरणाऱ्यांना सरसकट स्वार्थी म्हणू नका. धरायची असेल तर त्याच दिवशी, धरणारा माणूस तिथे हजर असताना आणि लागेल तेवढीच. तुमच्या मुलांनी टेंट ऐसपैस लावले, ते जवळ सरकवले असते तर त्या कुटुंबाचे दोन तेव्हाच बसले असते.

प्रतिसाद : दूरदेशी इंदूरकर

मी बरीच वर्षं अमेरिकेत होतो. तिकडे राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी वनांत काही कॅम्पच्या जागा आरक्षणाने मिळतात आणि काही "आधी येईल त्याला". दुसऱ्या प्रकारात जागा निवडायची, पाकिटात पैसे भरून लोखंडी पेटीत टाकायचे आणि पाकिटाची फाडलेली चिठ्ठी त्या जागेच्या खांबाला लावायची. रिकामा टेंट किंवा खुर्ची ठेवून निघून गेलात तर तो ताबा धरला जात नाही. पहिल्या रात्री तिथे झोपावं लागतं. मागून येणाऱ्या मित्रासाठी शेजारची जागा अडवणं बहुतेक ठिकाणी नियमातच बसत नाही. शिवाय मुक्कामालाही मर्यादा असते, वनांत ती बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांची आहे.

नॉर्वेमध्ये उलट आहे. तिथे मोकळ्या रानात कुणीही टेंट लावू शकतो, हा हक्क १९५७ च्या कायद्यात आहे. पण राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर राहायचं आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर जमीनमालकाला विचारायचं. उंच डोंगर आणि वस्तीपासून फार लांबचे भाग तेवढे या दोन रात्रींच्या अटीला अपवाद.

स्कॉटलंडमध्येही २००३ च्या कायद्याने मोकळ्या जागी मुक्काम करायची मुभा आहे. तरी लॉक लोमंड तलावाच्या काठी इतकी गर्दी आणि घाण व्हायला लागली की २०१७ पासून तिथल्या ठराविक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडच्या मोकळ्या काठांवर आज कुणी चिठ्ठी मागत नाही. ते तसंच राहावं असं वाटत असेल तर आपणच थोडं आवरून वागायला हवं.

प्रतिसाद : निवृत्त पाटबंधारे

मी जलसंसाधन विभागात नोकरी केली. जागा कुणाची यावर तुमची चर्चा चालली आहे, पण त्या काठावर तुमच्या आधीचे हक्कदार आहेत. त्यांच्याबद्दल लिहितो.

तलाव पावसाळ्यानंतर भरलेला असतो. रब्बीसाठी कालव्यात पाणी सोडायला लागलं की पातळी उतरते आणि काठ रोज मागे सरकतो. डिसेंबर-जानेवारीत जी सपाट काळी जमीन उघडी दिसते ती मोकळं मैदान नव्हे. ती गाळपेराची, म्हणजे पाणी उतरल्यावर पेरायची जमीन आहे. कुठे कुठे ती भाडेपट्ट्याने दिलेली असते, त्यात गहू-हरभरा पेरलेला असतो. उगवण होईपर्यंत शहरातल्या माणसाला ती पडीक वाटते. तिथे टेंट लावला, गाडी घातली की कुणाचं तरी पेरणं तुडवलं जातं. त्या कुटुंबाच्या खुंट्या निघाल्या त्याचं कारणही हेच, ती माती आतून ओली असते.

दुसरे मच्छीमार. तलावातल्या मासळीचा भाडेपट्टा बहुधा मच्छीमारांच्या सहकारी समितीकडे असतो. पहाटे होडी लागते ती जागा आणि जाळी सुकवायची जागा अडवू नका. तिसरी गुरं. गुरांची पाण्याची वाट वर्षानुवर्षं एकच असते, दिवसा जमिनीवर खुरांच्या खुणा आणि शेण बघितलंत की कळते. तिच्यापासून लांब राहा.

आणि तुमच्या मोहाबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळायला लागली की गावकरी झाडाखालची जमीन स्वच्छ करून पहाटे वेचायला येतात. बऱ्याच गावांत कुठल्या झाडाखाली कोणत्या घराने वेचायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. बुंध्याजवळ शेकोटी पेटवू नका, मुळं भाजतात. त्या दिवसांत तर मोहाखाली मुक्कामच करू नका.

पाण्यापासून निदान २०० फूट, म्हणजे साधारण ७० पावलं दूर राहावं असं रानात राहणाऱ्यांमध्ये मानतात. शौचाला जाणंही तेवढंच दूर. आणि धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात कधीही मुक्काम नको. पाणी सोडलं तर पळायला वेळ मिळत नाही.

प्रतिसाद : पहाटपक्षी

एक विनंती. मोहाखाली जागा मिळत नाही म्हणून इंदूरच्या यशवंत सागर किंवा सिरपूर तलावाच्या काठाचा विचार कुणी करू नये. दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले आहेत. थंडीत तिथे पाहुणे पक्षी उतरतात, यशवंत सागरला सारस दिसतात. रात्रीचे दिवे आणि आवाज त्यांना सोसत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे सांगता येत नव्हतं ते पंगतीच्या उदाहरणाने नीट कळलं. ह्यांनाही तो प्रतिसाद वाचून दाखवला. ते आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मुलांचा टेंट मुलांचा, हे बरोबर आहे." एवढं पुरे झालं.

पाटबंधारेवाल्या काकांचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं, कारण मागच्या तीन वर्षांत आम्ही गाडी दर वेळी त्या काळ्या सपाट जमिनीवरूनच नेली. तिथे पेरलेलं असू शकतं हे माहीतच नव्हतं. या वेळी आधी गावात जाऊन गाडी कुठे लावायची, गुरांची वाट कुठली आणि होडी कुठे लागते ते विचारणार. मोहाखाली थांबलं तर चालेल का, हेही.

सुदामानगरचं म्हणणंही रास्त आहे, म्हणून एकत्र राहण्याची सोय सोडलेली नाही. ज्यांना शनिवारी सुट्टी आहे अशी दोन कुटुंबं दुपारी दोनला पोचतील आणि टेंट जवळजवळ लावतील. बाकीच्यांपैकी जे इंदूरहून निघाले आहेत त्यांच्यापुरतीच जागा ठेवायची, तीही अंधार पडेपर्यंत. एका वहिनींनी हे वाचून यायचं रद्द केलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण शुक्रवारी मुलांना पाठवायचं नाही यावर मी ठाम आहे.

ग्रुपवर टाकायचा मेसेज असा लिहिला आहे :

"शनिवारी जे तिथे पोचतील ते आपापला टेंट लावतील. वाटेत असलेल्यांनी निघताना फोन करावा, त्यांच्यासाठी अंधार पडेपर्यंत शेजारची जागा ठेवू. ज्यांचं येणं रद्द होईल त्यांनी लगेच कळवावं, त्यांची जागा मोकळी करू. कुणी जागा विचारायला आलं तर 'भरलंय' म्हणायचं नाही. आधी आपले टेंट सरकवून बघायचं, त्यांच्यात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर आपल्यातले दोन टेंट खाली, पेरलेलं नसेल अशा जागी जातील, त्यात पहिला माझा. खालच्यांसाठी एक जादा ताडपत्री आणि लांब खुंट्या मी आणते आहे. शेकोटी झाडांपासून दूर. स्पीकर नको."

मेसेज उद्या रात्री टाकणार आहे. एखादी ओळ खटकली किंवा काही राहिलं असेल तर त्याआधी सांगा. मऊ मातीत टिकतील अशा लांब लोखंडी खुंट्या इंदुरात कुठे मिळतात हे कुणाला माहीत असेल तर तेही लिहा.