मदत हवी आहे: खुब्याचा सांधा बदलायचा आहे (वय ४२), इम्प्लांटबद्दल डॉक्टरांना काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला दोन्ही खुब्यांत एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) आहे. उजवीकडचा मांडीच्या हाडाचा बॉल पार खचलाय, दोन्ही सर्जननी सांधेबदलच सांगितला. वय ४२, सांगलीजवळ द्राक्षबाग. वाकणं, उकिडवं बसणं, ट्रॅक्टरवर चढउतार रोजचीच. ऑपरेशन करायचं हे ठरलंय, घोडं अडलंय ते इम्प्लांटवर.

एका एस्टिमेटवर 'इम्पोर्टेड सिरॅमिक, अनसिमेंटेड' एवढंच लिहिलंय (अनसिमेंटेड म्हणजे सिमेंट न वापरता हाडात बसवायचा). दुसऱ्यावर सिरॅमिक बॉल आणि क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचं (कमी झिजणाऱ्या प्लास्टिकचं) लायनर, म्हणजे खुब्याच्या खोबणीत बसवायच्या कपाचं अस्तर. मॉडेलचं नाव कुठेच नाही. विचारलं तर 'एकदम नवीन आहे, काळजी करू नका'. मला तर नवीन म्हटल्यावरच धास्ती वाटते.

कारण एएसआरचं प्रकरण. डीप्यू कंपनीचा हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. कल्पना ऐकायला छान होती: बॉल मोठा म्हणून सांधा निखळायची भीती कमी, प्लास्टिक नाही म्हणून झीज कमी. पण कप उथळ. जरा तिरका बसला की बॉल कडेवर घासायचा आणि कोबाल्ट-क्रोमियम आजूबाजूच्या स्नायूंत, रक्तात उतरायचं. ब्रिटनच्या सांधेबदलांच्या रजिस्ट्रीत (नोंदवहीत) पाच वर्षांतच १२-१३ टक्के लोकांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ आली. भारतात सुमारे ४,७०० सांधे बसवले होते. त्यातल्या बहुतेक रुग्णांचा नंतर मागच लागला नाही. हे वाचल्यापासून झोप उडाली आहे.

२०१९ च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के सांधे टिकून होते. भाऊ तेव्हा ६७ चा असेल. ते सांधे जुन्या पद्धतीचे होते हे कळतं, तरी एक रिव्हिजन (बसवलेला सांधा पुन्हा बदलणं) धरूनच चालावं लागेल ना?

तर, सिरॅमिकवर सिरॅमिक घ्यावं की पॉलीवर (पॉलिथिलीनवर)? बॉल ३२ मिमीचा की ३६ चा? आणि पुढे कधी झीज झालीच तर मांडीच्या हाडातला स्टेम (बॉल ज्यावर बसतो तो दांडा) न काढता नुसतं लायनर बदलता येतं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात निर्णय द्यायचा आहे.

प्रतिसाद:

ताई, मी ऑर्थोच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करते. कप आणि स्टेम हाडात पक्के असतील तर नुसता बॉल-लायनर बदलता येतो. मात्र त्या कपात बसणारं लायनर तेव्हा मिळायला हवं, म्हणून मॉडेल माहीत असणं फार गरजेचं. ओटीत प्रत्येक भागाच्या पाकिटातून स्टिकर निघतात, त्यावर रेफ (मॉडेलचा) नंबर आणि लॉट (तुकडीचा) नंबर असतो. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा आणि फोटोही काढून ठेवा.

सर्जनना मॉडेलचं ओडीईपी रेटिंग (इम्प्लांटच्या टिकाऊपणाच्या पुराव्याला ब्रिटनचं तज्ज्ञ मंडळ देतं ती श्रेणी) विचारा. १०ए*, १३ए* असं असतं. आकडा म्हणजे किती वर्षांचा पुरावा आहे ते. तुमची धास्ती अगदी रास्त आहे. एक्झिटर नावाचा स्टेम १९७० मध्ये गुळगुळीत आला, १९७६ ला त्याचा पृष्ठभाग खरबरीत केला, तर सैल होण्याचं प्रमाण वाढलं. १९८६ ला पुन्हा गुळगुळीत केला. बदल एवढासाच, पण कळायला वर्षं गेली.

बॉल-लायनरचं म्हणाल तर आताच्या क्रॉसलिंक्ड पॉलीची झीज जुन्यापेक्षा खूपच कमी आहे. सिरॅमिकवर सिरॅमिक त्याहून कमी झिजतं, पण काहींना चालताना कुईकुई आवाज येतो. क्वचित ते फुटतं, आणि मग बारीक कण आत राहतात, त्यामुळे पुढच्या ऑपरेशनला धातूचा बॉल वापरता येत नाही. उकिडवं बसण्याची सवय असेल तर स्टेमची मान लायनरच्या कडेला आपटू शकते, हे सर्जनना आवर्जून सांगा. ३२ की ३६ हे कपाच्या मापावर ठरतं. लहान कपात मोठा बॉल घातला की पॉली पातळ उरतं.