खजिनाशोध: सगळे गट एकाच जागी अडकू नयेत म्हणून
कोडी सोडवत एका खुणेवरून दुसरीकडे जायच्या खजिनाशोधाच्या खेळात सगळे गट पहिल्याच खुणेपाशी गर्दी करतात, ही अडचण खरी आहे. मार्ग गोलाकार आखा आणि प्रत्येक गटाला वेगळ्या खुणेपासून सुरुवात द्या. दोन तासांना ८ ते १० खुणा, दीड-दोन किलोमीटर पुरे. लहान मुलं असतील तर त्याहून कमी. प्रत्येक खुणेच्या कोड्याचं उत्तर मात्र तिथल्या न हलणाऱ्या वस्तूतच हवं: कोनशिलेवरचं साल, चौथऱ्याच्या पायऱ्या. पोस्टर नकोच, ते कधीही निघतं आणि गट तिथेच घुटमळत बसतो. कोनशिलेवर कधीकधी दोन सालं असतात बरं का, पायाभरणीचं आणि उद्घाटनाचं. कोणतं हवं ते कोड्यातच लिहा. अडलेल्या गटासाठी बंद पाकिटात मदतीची चिठ्ठी ठेवा, फोडली तर ५ गुण वजा. खेळाच्या आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी मार्ग चालून बघा. बागेचं फाटक नेमकं तेव्हाच बंद असू शकतं.