परदेशी कंपनीची नोकरी, पण मालक तिसराच

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
मी एका जर्मन कंपनीसाठी स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरचे काम करते. आता ती मला पूर्णवेळ नोकरीत घेऊ इच्छिते. परंतु तिची भारतात शाखा नसल्याने नेमणूकपत्र आणि पगार एका भारतीय मध्यस्थ कंपनीकडून मिळेल. होकार द्यावा का?

उत्तर:
द्यावा, पण आकडा नीट तपासून. कायद्याने मध्यस्थ कंपनीच आपली मालक ठरेल, त्यामुळे पगारातून कर कापणे आणि भविष्य निर्वाह निधी भरणे ही तिची जबाबदारी असेल. सांगितलेली रक्कम हातात येणारी आहे की कंपनीचा एकूण खर्च, हे लेखी विचारा. निधीतला मालकाचा १२ टक्के हिस्सा पुष्कळदा त्याच रकमेत धरलेला असतो.

उत्तर:
ताई, हक्कांचे कलम माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा असतो. म्हणून मध्यस्थाकडून तो जर्मन कंपनीकडे जाण्याची तरतूद करारात असेलच. आपण पूर्वी स्वतःसाठी लिहिलेला कोड त्यात ओढला जाणार नाही, एवढे स्पष्ट लिहून घ्या.

उत्तर:
जर्मन कंपनीने मध्यस्थाशी करार मोडल्यास आपल्याला किती दिवसांची नोटीस मिळेल, हेही विचारा.