शास्त्रीय ऐकायला लागायचंय? मग बडा ख्याल मुळीच लावू नका

तिसरी_घंटा:
ऑफिसातल्या एका पोराने कुणा जाणकाराला विचारलं, "आतून हलवेल असं काहीतरी शास्त्रीय सांगा." जाणकाराने त्याला थेट अमीर खाँसाहेबांचा मारवा राग, म्हणजे संथ, लांबलचक बडा ख्याल पाठवला. पोराने थोडा वेळ ऐकलं आणि मला येऊन विचारलं, "गाणं सुरू कधी होतं?"

माझं मत सरळ आहे. नवख्याने जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांपासून सुरुवात करावी. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पाल्हाळाला जागाच नसायची, त्यामुळे गवई पहिल्या ओळीतच काळजाला हात घालायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी घ्या. छोट्या भीमसेन जोशीने ही तबकडी ऐकली, तसं गाता यावं म्हणून झपाटला आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी गदगहून घर सोडून पळाला. केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तीही साडेतीन मिनिटांचीच. झुमरा तालातला विलंबित, म्हणजे संथ ख्याल पुढच्या वर्षी ऐकला तरी काही बिघडत नाही.

खर्ज:
साफ असहमत. भीमसेनअण्णांचं उदाहरण दिलंत तर पुढचंही सांगा. त्या तबकडीने त्यांची तहान भागली नाही, लागली. म्हणून तर ग्वाल्हेर, जालंधर असे फिरून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे त्याच खाँसाहेबांच्या शिष्याकडे, शिकायला बसले.

आता मारवा. यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र. पंचमच नसल्यामुळे तानपुराही बहुतेकदा निषादात (नी) लावतात. आणि मुख्य गंमत ही की षड्ज, म्हणजे 'सा', टाळत राहायचा. गवई कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर (ध) थांबतो, 'सा' अगदी जवळ येतो आणि हुलकावणी देऊन जातो. तिन्हीसांजेला उगीच जी हुरहूर लागते ना, ती या टाळण्यातून उभी राहते. मारव्यातलं 'पिया मोरे अनत देस' अमीर खाँसाहेब एवढ्या संथपणे का मांडतात? कारण ती ओढ साठायला वेळ लागतो. बऱ्याच वेळाने 'सा' नीट लागतो तेव्हा जे सुटल्यासारखं वाटतं, ते तबकडीत कसं यावं? तीन मिनिटांत टाळून टाळून किती टाळणार?

आगाऊ_कार्टं:
दोघांनाही दंडवत. पण पिया बिन, पिया अनत देस, जात कहाँ हो... सगळ्यांचे पिया परगावीच का?

हलणं म्हणजे रडणंच, असं कुणी ठरवलं? आणि कोमल स्वर लागला की दुःख, हेही मला पटत नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावा, 'सहेला रे'. सा रे ग प ध, पाच स्वर, पाचही शुद्ध. तरी घशाशी आवंढा येतो, आणि का ते सांगता येत नाही. याच किशोरीताईंवर जयपूर घराण्याची चौकट मोडली म्हणून टीका झाली होती, भाव-भाव करतात म्हणून! उलट मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना मला कधी गलबलून येत नाही, चेव येतो. लांबच्या लांब तान घेऊन बुवा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक येऊन पडतात तेव्हा खुर्चीतून उठावंसं वाटतं. हे हलणं नाही का?

मिरजेची_सून:
एवढी चर्चा झाली आणि नाट्यपद कुणालाच आठवू नये? यमन राग म्हणजे काय हे माहीत नसलेल्या आमच्या सासूबाईंना 'नाथ हा माझा' पाठ आहे. ते पद ज्यातलं, ते 'स्वयंवर' नाटक १९१६ सालचं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं मराठी घरांत राग याच वाटेने शिरलेत. 'कट्यार'ही तेच. नाटक १९६७ चं, पण २०१५ च्या सिनेमानंतर कॉलेजातली मुलं 'घेई छंद मकरंद' गुणगुणायला लागली.

आणि खरं सांगू का, मोबाईलवर ऐकून ठरवूच नये. आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. लेकुरवाळ्या बायका येतात, ज्याला जितकं झेपेल तितकं ऐकतो आणि उठतो.

खर्ज:
ताई, प्रत्यक्ष बैठकीबद्दल शंभर टक्के मान्य. नाट्यपदाबद्दल नाही. तिथे टाळ्या घेणाऱ्या तानांची चटक लागते, मग आलाप अळणी वाटतो. कित्येक जण जन्मभर दारातच बसलेले मी पाहिलेत.

मिरजेची_सून:
बसू देत की! सगळ्यांनी माजघरात आलंच पाहिजे असा नियम आहे का?

तिसरी_घंटा:
ताईंना +१. खर्ज, तुमचं 'सा'बद्दलचं स्पष्टीकरण झकास, पण ते वाचूनच मारवा कळणार असेल तर नवख्यासाठी तो नाहीच, हे माझंच म्हणणं झालं.

खर्ज:
क्रिकेटही एलबीडब्ल्यू कुणीतरी समजावल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुणी मॅच बघायचं सोडलंय?

जोड_झाला:
उशिरा आलोय. कंठसंगीताच्या पलीकडे जग आहे हे या धाग्यावर कुणाच्या गावीही नाही. नवखा माणूस गाणं लावतो आणि शब्द पकडायला बघतो. शब्द ब्रज भाषेतले, त्यात आलापीत ताणलेले. तो तिथेच दमतो. त्याला निखिल बॅनर्जींची सतार द्या. शब्दच नाहीत, त्यामुळे कुणाचा पिया परगावी गेल्याची भानगड नाही. आलाप संथ, मग जोडात लय शिरते, झाल्यात वेग वाढत जातो. काही न समजावता ऐकणारा त्याबरोबर ओढला जातो. तेवढाही धीर नसेल तर 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आहेच, १९६७ ची. संतूर, बासरी, गिटार, आणि एका मेंढपाळाचा दिवस.

खर्ज:
निखिलदांचा आलाप संपून जोड येईपर्यंत किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा आणि इथे लिहा. मग तिसरी_घंटा यांच्याशी बोलू.